पानाची पाठ आधी बघ

अगं, कात्री खाली ठेव आणि आधी माझं ऐक. तू पाठवलेले फोटो मी मोठे करकरून पाहिले. झाडं मरत नाहीयेत. खालच्या फांद्यांवरची पानं खराब झालीयेत, पण शेंडे हिरवे आहेत आणि नवी पानं सरळ उघडताहेत. जुलैच्या मध्याला शेंडा असा दिसत असेल तर आपल्या हातात वेळ आहे. घाबरून काहीतरी फवारलंस तर तो वेळ जाईल, आणि फवारलेलं पुढे कुणाच्या तरी फुप्फुसात जाईल. त्यावर मी सविस्तर बोलणार आहे, कारण माझी खरी काळजी पानांवरच्या डागांपेक्षा त्या औषधाची आहे.

आणि हे विचारताना एवढं अवघडू नकोस. आईला सांगितलं नाहीस, ठीक आहे, ते तुझं तू ठरव. ओंटारियोत १७ ऑक्टोबर २०१८ पासून घरामागे गांजाची चार झाडं लावायला कायद्याने मुभा आहे. ही मुभा घरटी चार, माणशी चार नाही, एवढं ध्यानात असू दे. पण कायद्याने मुभा मिळाली तरी आपल्या माणसांत बोलायची सोय होत नाही, हे मला कळतं. टोमॅटोचं पान पिवळं पडलं तर मंडळाच्या जेवणात दहा जणी सल्ला देतील. गांजाच्या झाडाचं नाव काढता येत नाही. मग माणूस रात्री एकटाच मोबाइलवर फोटो जुळवत बसतो आणि प्रत्येक फोटोत आपल्याच झाडाचा रोग दिसायला लागतो. मला विचारलंस ते फार बरं केलंस.

आपण दोघी द्राक्षाच्या घरात वाढलो. भुरी, डाऊनी, करपा हे शब्द आपल्या कानावर पाढ्यांच्या आधी पडलेत. या झाडाच्या बुरश्या वेगळ्या, पण पान बघायची रीत तीच. आप्पा बागेत शिरले की कुठल्याही पानाची पाठ आधी उलटून बघायचे, पुढची बाजू नंतर. तू मला आठ फोटो पाठवलेस आणि एकातही पानाची पाठ नाही. उद्या सकाळी ते काम आधी कर. सकाळीच, कारण दुपारच्या उन्हात चांगलं पाणी प्यायलेलं झाडही मान टाकतं, आणि ते बघून तू उगाच आणखी पाणी घालशील.

बघताना पहिला प्रश्न असा: दुखणं खालून वर चढतंय की शेंड्यातून सुरू झालंय? या एका प्रश्नाने निम्म्या शक्यता गळून पडतात. नत्र, मॅग्नेशियम, पालाश ही अन्नद्रव्यं झाडाच्या आत फिरतात. जमिनीत ती कमी पडली की झाड जुन्या पानातून काढून नव्या पानाला देतं, त्यामुळे खालची पानं आधी दिसायला लागतात. नत्र कमी असेल तर अख्खं पान सारखं फिकट होत पिवळं पडतं. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग पिवळा होतो. पालाश कमी असेल तर कडा करपतात. लोह आणि कॅल्शियम मात्र एकदा पानात बसले की तिथून सहज हलत नाहीत, म्हणून त्यांची कमतरता वरच्या कोवळ्या पानांत दिसते. लोहाची असेल तर कोवळं पान शिरांचं जाळं सोडून पिवळंधमक होतं, कॅल्शियमची असेल तर नवी पानं वेडीवाकडी आणि ठिपकेदार येतात.

दुसरा प्रश्न, दोन्ही बाजू सारख्या आहेत का? अन्नाची कमतरता असली की पानाच्या डाव्या-उजव्या बाजूला आणि समोरासमोरच्या पानांवर साधारण सारखं चित्र दिसतं. बुरशीला असली शिस्त नसते. एक डाग इथे, तीन तिथे, शेजारचं पान स्वच्छ. चारही झाडं एकाच वेळी एकाच तऱ्हेने फिकट झाली तर आधी माती, पाणी आणि सामू (पीएच) यांच्याकडे बघ. मातीतल्या झाडाला सामू सहा ते सातच्या दरम्यान मानवतो. तो फार वर गेला तर लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही, आणि आपण वरून खत ओतत राहतो. तुझ्या एका फोटोत पानांची फक्त टोकं तपकिरी होऊन किंचित वळलीत. तो रोग नाही, खत जास्त झालंय. पुढचे दोन आठवडे नुसतं पाणी दे.

आता तुझ्या तिसऱ्या आणि पाचव्या फोटोकडे येते. खालच्या पानांवर पिवळट-तपकिरी गोलसर डाग, काही एकमेकांत मिसळलेले, आणि दोन पानं पूर्ण सुकून लोंबकळलेली. गेल्या पंधरवड्यात तुमच्याकडे संध्याकाळचे गडगडाटी पाऊस झाले, असं तूच म्हणालीस. मला हा सेप्टोरिया वाटतो, म्हणजे पानावरच्या ठिपक्यांचा बुरशीजन्य रोग. खात्री भिंगाने होईल. जुन्या डागाच्या मध्यावर मोहरीहून कितीतरी बारीक काळे ठिपके दिसले तर तीच ती बुरशी. त्या काळ्या ठिपक्यांत तिचे बीजाणू भरलेले असतात. पावसाचा थेंब आपटला की ते उडून वरच्या पानावर जातात, मग त्या पानावरून आणखी वरच्या पानावर. मागच्या वर्षीच्या पाचोळ्यात ती हिवाळा काढते आणि पहिल्या उन्हाळी पावसात मातीच्या शिंतोड्यांबरोबर खालच्या पानांवर येते. खालची पानं आधी का लागली, याचं उत्तर यातच आहे.

हा रोग झाडाला सहसा मारत नाही, पानं खातो. पण पानं गेली की झाडाचं बळ जातं, म्हणून रोगाची वाढ थांबवायला हवी. सगळं कोरडं असेल अशा दिवशी डागाळलेली पानं देठापासून काढ आणि थेट पिशवीत घाल. खाली टाकू नकोस, कंपोस्टातही नको. एकाच दिवशी झाडाचा पाव हिस्सा पाला जाईल इतकी काढू नकोस, दोन-तीन टप्प्यांत कर. जमिनीपासून साधारण वीतभर उंचीपर्यंतच्या बारीक फांद्या पूर्ण काढून टाक, त्यांना ऊन मिळत नाही आणि त्यांतून तसंही काही हाती लागणार नाही. मग बुडाशी स्वच्छ गव्हाच्या काडाचं आच्छादन घाल, खोडाला चिकटू न देता. पाऊस काडावर पडला की मातीचे शिंतोडे उडत नाहीत. या रोगावर मी सांगेन त्या सगळ्या उपायांत हे आच्छादन सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत गुणाचं आहे. पाणी बुडाशी दे, सकाळी. पाइपने पानांवरून आंघोळ घालायची हौस आता पुरे. आणि पानं ओली असताना झाडांत हात घालू नकोस, आपल्या हातांनीच बीजाणू या झाडावरून त्या झाडावर जातात.

सातव्या फोटोतलं कुंपणालगतचं झाड मात्र वेगळं बोलतंय. त्याच्या मधल्या पानांवर पिठाचा हात लागल्यासारखे पांढरट गोल दिसतात. ही भुरी. बोटाने पुसून बघ, पुसली जाईल आणि दोन-तीन दिवसांत परत येईल. द्राक्षावरची भुरी आणि ही एकाच कुळातली, पण बुरशी एक नाही. द्राक्षाची द्राक्षावर राहते, हिची जात निराळी आहे. इथे बर्नबीच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात झमीर पुंजा नावाचे वनस्पतिरोगतज्ज्ञ आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या या पिकाच्या रोगांवर बरंच काम केलंय. इथल्या झाडांवर गोलोविनोमायसिस गटातली भुरी सापडते, हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आलं.

भुरीचं वागणं सेप्टोरियाच्या उलट आहे, म्हणून दोघांना एक समजू नकोस. सेप्टोरियाला ओलं पान लागतं. भुरीला पानावर पाण्याचा थेंब लागत नाही, हवेतला दमटपणा पुरतो. फार पाणी तर तिच्या बीजाणूंना मानवतही नाही. तिला सावली, कोंदट हवा, दाटी आणि बेताची ऊब आवडते. नाशकात थंडीतली ढगाळ हवा सुरू झाली की भुरीचं भय असायचं, ते याचसाठी. तुझं ते झाड कुंपण आणि शेड यांच्या बेचक्यात आहे. तिथे वारा जात नाही आणि ऊन दुपारनंतर येतं. कुंडीत असेल तर आजच उचलून मोकळ्यावर ने. जमिनीत असेल तर मधली पानं विरळ कर, आतून आरपार उजेड दिसला पाहिजे. फांद्या बांबूला बांधून बाहेरच्या बाजूला ताण. भुरी पानाच्या वरच्या थरातून अन्न शोषते, झाड मेलं तर तीही मरते, म्हणून ती झाडाला जिवंत ठेवून हळूहळू पोखरते. फुलोऱ्यात शिरली तर ते पीक वापरायच्या लायकीचं राहत नाही.

ऑगस्टमध्ये एक गोंधळ हमखास होतो, तो आत्ताच सांगून ठेवते. दिवस लहान व्हायला लागले की फुलोरा धरतो, आणि फुलांजवळच्या लहान पानांवर पांढरी चमकदार खडी साचल्यासारखी दिसते. ती भुरी नव्हे. त्या झाडाच्या राळेच्या ग्रंथी आहेत. भिंगातून त्या देठावर बसवलेल्या काचेच्या मण्यांसारख्या दिसतात, सुट्या सुट्या. भुरी म्हणजे धाग्यांची सपाट जाळी, खाली पसरलेली. बोट लावलंस तर राळ चिकटते आणि वास येतो, भुरी कोरडी पुसली जाते. हे ठाऊक नसल्यामुळे चांगली फुलं फेकून देणारी माणसं आहेत, आणि भुरी लागलेली फुलं राळ समजून सुकवणारीही आहेत. दुसरी चूक जास्त वाईट.

भिंगाबद्दल सांगायचं तर दागिन्यांच्या कामाला वापरतात तसलं तीस पट तरी मोठं दाखवणारं घे. साध्या भिंगाने मावा, फुलकिडे दिसतील, लाल कोळीही डोळे ताणून दिसेल, पण त्याहून बारीक कोळी दिसायचा नाही. एक कोरा पांढरा कागद पानाखाली धर आणि फांदीला टिचकी मार. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर तुझा रोग बुरशीचा नाही, किडीचा आहे. लाल कोळी पानाच्या पाठीमागे बसून रस शोषतो, त्यामुळे पुढून सुईने टोचल्यासारखे फिके ठिपके दिसतात आणि पुढे बारीक जाळी होते. उकाडा आणि कोरडी हवा असली की तो झपाट्याने वाढतो. फुलकिड्यांचे ओरखडे चंदेरी दिसतात, त्यांत काळे बारीक विष्ठेचे ठिपके असतात. मावा असेल तर खालची पानं चिकट होतात आणि त्या चिकट्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते. तिथे बुरशीनाशक मारणं फुकट आहे, मावा घालवला की काजळी थांबते. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पन्हळीसारख्या झाल्या, पान निस्तेज आणि ठिसूळ झालं आणि उकाडाही नाही, तर तो डोळ्यांना न दिसणारा रसेट कोळी असू शकतो. नागअळीच्या पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा तर तू मेथीवरही पाहिल्यात, ती पानं खुडली की काम झालं.

फुलोरा यायच्या आत कोळी आणि मावा दोन्ही पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पुष्कळ कमी होतात. सकाळी, पानांच्या पाठीवर, चार-चार दिवसांनी. आता म्हणशील, ताई, आत्ताच तर पानं ओली करू नको म्हणालीस. म्हणूनच रोग ओळखायचा हट्ट धरतेय गं. ज्या पाण्याने कोळी जातो त्याच पाण्याने सेप्टोरिया पसरतो. तुझ्या झाडांवर कोळी सापडला नाही तर हा फवारा मारायचाच नाही. सापडलाच, तर कोळी खाणारे मित्रकोळी विकत मिळतात. लेमिंग्टनकडच्या हरितगृहांत मित्रकीटक सर्रास वापरतात, आणि घरच्या बागेसाठी छोट्या पाकिटांतही मागवता येतात.

आता त्या औषधाचं. मेहुण्यांनी नाशकात दादाला फोन करून भुरीवर काय मारायचं विचारलं आणि दादाने मायक्लोब्युटानिल सांगितलं, असं तू लिहिलंस. दादाचं चुकलं नाही. द्राक्षाच्या भुरीवर ते चालतं, त्याला बागेचा अनुभव आहे. पण द्राक्ष माणूस धुऊन खातो आणि ही फुलं माणूस पेटवून ओढतो. मायक्लोब्युटानिल तापलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड वायू निघतो. हे विष आहे, यात दुमत नाही. २०१६-१७ च्या सुमारास कॅनडातल्या काही परवानाधारक उत्पादकांच्या मालातसुद्धा हे औषध सापडलं होतं, माल परत मागवावा लागला आणि नंतर तपासणी कडक झाली. शिवाय ते आंतरप्रवाही आहे, झाडाच्या आत भिनतं, वरून कितीही धुतलंस तरी निघत नाही. मेहुण्यांना हा परिच्छेद जसाच्या तसा वाचून दाखव. त्यांच्या पाठीच्या दुखण्यासाठी म्हणून ही झाडं लावलीत ना, मग त्यांनाच ते आत ओढायला लावायचं का?

दादाला समजावायचं असेल तर २०१० ची आठवण दे. त्या वर्षी आपल्याकडच्या द्राक्षांत युरोपात क्लोरमेक्वाटचे अंश सापडले आणि निर्यातदार शेतकऱ्यांचं कंबरडं मोडलं. तेव्हापासून औषधाचा अंश म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या प्रत्येक बागायतदाराला पाठ आहे. खायच्या फळात इतकी काळजी घ्यायची तर ओढायच्या फुलात किती घ्यायची, हे त्याला एका वाक्यात पटेल.

मग मारायचं काय? फुलोरा धरायच्या आत, म्हणजे तुझ्याकडे जुलैअखेरपर्यंत, पोटॅशियम बायकार्बोनेट भुरीवर चांगलं काम करतं. ते स्पर्शजन्य आहे, जिथे लागेल तिथलीच भुरी मारतं, म्हणून पानाच्या दोन्ही बाजू भिजायला हव्यात आणि पुन्हा पुन्हा मारावं लागतं. बॅसिलस जिवाणूंची जैविक औषधंही मिळतात, ती रोग यायच्या आधी किंवा अगदी सुरुवातीला मारली तर उपयोगाची. डब्यावर कॅनाबिसचं नाव छापलेलं आणि कॅनडाच्या आरोग्य खात्याचा नोंदणी क्रमांक असलेलंच घे, प्रमाण डब्यावरचंच ठेव. आधी एकाच फांदीवर मारून दोन दिवस थांब. संध्याकाळी ऊन उतरल्यावर मार, पण पान रात्रीच्या आत वाळेल इतक्या वेळेत.

गंधक भुरीवर शेकडो वर्षांचं औषध आहे आणि झाड लहान असताना चालतं, पण तिशीच्या पुढच्या तापमानात पानं भाजतात, आणि तेलकट फवारणीच्या आगेमागे दोन आठवडे तरी गंधक नको. दुधाचं पाणी तुझ्या वाचनात आलं असेल. ते थोतांड नाही. ब्राझीलमध्ये वाग्नर बेत्तिओल यांनी १९९९ मध्ये दुधी भोपळ्याच्या नात्यातल्या झुकिनीच्या भुरीवर दूध वापरून चांगले निष्कर्ष छापलेत. पण झुकिनीचं फळ वेगळं आणि राळेने चिकट झालेला फुलोरा वेगळा. फुलोऱ्यात दूध, कडुनिंबाचं तेल, साबण, बोर्डो, गंधक यातलं काहीही गेलं तर ते तिथेच बसतं. फुलोरा दिसला की फवारणी बंद, ही रेघ मी माझ्या झाडांसाठी पाळते आणि तुलाही पाळायला लावणार आहे.

सप्टेंबर हा इथला खरा कसोटीचा महिना. पानांचे रोग आपण बोललो, पण ओंटारियोत उघड्यावरच्या झाडांचं सगळ्यांत मोठं नुकसान करते ती राखाडी बुरशी, बोट्रायटिस. नायगाराकडच्या द्राक्षबागांतही घड सडवणारी हीच. दिवसा ऊब, रात्री गारवा, पहाटे दव आणि मध्येच दोन दिवसांची रिपरिप, एवढं झालं की दाट भरलेल्या तुऱ्याच्या पोटात ती सुरू होते. बाहेरून तुरा देखणा दिसत असतो. पहिली खूण पानच देतं. भरघोस तुऱ्यातून एखादंच लहान पान एकाएकी पिवळं किंवा तपकिरी पडतं, आजूबाजूची हिरवी असतात. ते पान हलकेच ओढ. विरोध न करता हातात आलं तर तुरा उघडून बघ, आत तपकिरी मऊ कुज आणि राखेसारखी लव दिसेल. सप्टेंबरात रोज सकाळी हे एक पान शोधायचं. पाणी-खतापेक्षा हे काम मोठं.

सापडलं तर आधी त्या तुऱ्यावर अलगद पिशवी चढव, मग कुजक्या भागाच्या खाली निरोगी दांड्यापर्यंत येऊन काप. पिशवी न लावता हलवलंस तर बीजाणूंचा धूर अख्ख्या झाडावर बसतो. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पूस. कापलेल्यातलं चांगलं-चांगलं वेचायचं नाही. पेरॉक्साइडच्या पाण्यात धुऊन वाचवतात, असं कुणी सांगेल, ऐकू नकोस. बुरशी आतल्या पेशींत असते, धुण्याने ती तिथून निघत नाही. बुरशी लागलेलं ओढणं कुणालाच बरं नाही, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांच्या फुप्फुसांत याच फुलांवर वाढणाऱ्या ॲस्परजिलससारख्या बुरश्या जिवावर बेततात. तुझी ती मैत्रीण किमोथेरपी घेतेय ना, तिला देण्याचा विचार असेल तर सोडून दे. तिने तिच्या डॉक्टरांना विचारून, तपासणी झालेला माल दुकानातूनच घ्यावा.

कूज कमी करायला आजपासूनच हातपाय हलवायला हवेत. फांद्या पांगवून ठेवल्यास तर तुरे एकमेकांना टेकणार नाहीत. पाऊस पडून गेला की झाडं हलवून पाणी झटक. पावसाचा अंदाज असेल तर वरून पारदर्शक ताडपत्रीचं छप्पर कर, बाजू मात्र उघड्या ठेव, नाहीतर भुरीला आमंत्रण दिल्यासारखं होईल. तुऱ्यांत हिरवी अळी शिरलेली नाही ना बघत जा. तिने पोखरलेल्या जागी विष्ठा साचते आणि कूज नेमकी तिथून सुरू होते. आणि तीन-चार दिवसांची झड येतेय असं दिसलं, तुरे जवळजवळ तयार असले, तर आठवडाभर आधी काढ. थोडं कमी पिकलेलं चालेल, कुजलेलं नाही. त्या सुमाराला मोठी पानं खालून पिवळी पडतील. ते झाडाचं वय आहे, त्यावर खत घालू नकोस.

एक गोष्ट तू ओघात लिहून गेलीस. चौथं झाड तू बियांपासून केलेलं नाहीस, कुणाकडून तरी कलम आणलंस. तेच झाड बाकीच्यांच्या निम्मं राहिलंय, पेरं जवळजवळ आली आहेत, पानं लहान आहेत आणि डाग एकही नाही. याची मला सगळ्यांत जास्त शंका येते. हॉप नावाची वेल असते ना, बिअरला वापरतात ती, ती या झाडाची जवळची नातलग. त्या हॉपमधला एक सुप्त व्हायरॉइड या झाडांतही पसरलाय, २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात तो या पिकात असल्याचं स्पष्ट झालं. व्हायरॉइड म्हणजे विषाणूहूनही साधा, नुसता आनुवंशिक द्रव्याचा तुकडा. झाड खुजं राहतं, फांद्या ठिसूळ होतात, फुलं बारीक आणि राळ कमी येते. कलमातून येतो आणि कात्रीवरून पसरतो. औषध नाही. प्रयोगशाळेत चाचणी होते, पण चार झाडांसाठी तेवढा खर्च करायचा की नाही हे तू ठरव. मी असते तर ते झाड सरळ काढलं असतं. ठेवायचंच असेल तर त्याला सगळ्यात शेवटी हात लाव आणि कात्री एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी अशा द्रावणात बुडवून, मग धुऊन ठेव. स्पिरिट बुरशीला चालतं, व्हायरॉइडवर त्याचा भरवसा धरू नकोस. त्या झाडाचं कलम कुणालाही देऊ नकोस, कितीही गोड बोलून मागितलं तरी.

काढणी झाली की झाडं मुळासकट उपट. खाली पडलेला पाला झाडून पिशव्यांत भर, काडाचं आच्छादनही काढ, सेप्टोरिया त्याच्यात हिवाळा काढेल. बांबू धुऊन वाळव. पुढच्या वर्षी त्या वाफ्यात लसूण किंवा मेथी लाव आणि झाडं अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, जिथे सकाळचं ऊन लवकर येतं तिथे. आणि डिसेंबरात भारतात जाताना बॅगा नीट रिकाम्या करून मग भर. सुकं पान, बी, काहीही चुकून कप्प्यात राहता कामा नये. इथल्या मुभेचा तिथल्या १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यासमोर काही उपयोग नाही, आणि कॅनडाच्या सीमेबाहेर नेणं इथेही गुन्हाच आहे.

उद्या सकाळी मला चार फोटो हवेत. डागाळलेल्या पानाची पाठ, कुंपणाकडच्या झाडाचं पांढरं पान भिंगातून, पांढऱ्या कागदावर पडलेलं जे असेल ते, आणि त्या खुज्या झाडाचा शेंडा बाकीच्या झाडांशेजारी. मेहुण्यांनी ते औषध मागवलं असेल तर आधी ते परत कर.